अंगावरून वारं गेलं, तरी डोकं हुकूम सोडतंच

लातूर-बीडकडं कुणाला पक्षाघात झाला की आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. मग गोळ्या, मालिश, थोडे दिवस फिजिओथेरपी अन् त्यासाठी तालुक्याहून एसटीनं चकरा. तेवढ्यात सोयाबीन काढायला येतं, घरच्यांना सवड नाही, फिजिओ बंद पडतं अन् हात तसाच राहतो.

पण बघा, हात हलत नसला तरी बऱ्याच पेशंटचं डोकं 'उचल' म्हणून हुकूम सोडतच असतं. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गरनं माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली, तोच आपला ईईजी. मूठ वळायचा नुसता विचार केला तरी मेंदूतली एक लय, सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावणारी, तिथल्या तिथं दबते. उजव्या हाताचा विचार असला तर जास्त करून डाव्या बाजूला. याच हुकमावर हाताचा सराव घेता येतो: डोक्यावर घातलेल्या टोपीतले इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या बारक्या चकत्या) ते पकडतात, कॉम्प्युटर ओळखतो अन् डोळ्यावरच्या व्हीआर हेडसेटमधे, म्हणजे डोळ्यांपुढं खोटं पण खऱ्यासारखं दृश्य उभं करणाऱ्या चष्म्यात, लगेच चित्रातल्या हाताची मूठ वळते. सगळी मेख या 'लगेच' मधेच हाय, उशीर झाला की मेंदू विचार अन् वळलेली मूठ या दोन्हीचा मेळ लावत नाही, मग ते नुसतं टीव्ही बघणंच झालं.

ब्राझीलमधे मेंदूचे शास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस यांच्या टीमनं कमरेखाली लुळे पडलेल्या ८ जणांकडून वर्षभर ईईजी, व्हीआर अन् रोबोटिक पायांवर सराव करून घेतला. २०१६ मधे निष्कर्ष छापले, थोडी संवेदना अन् काही स्नायूंवर ताबा परत आला होता. पेशंट उठून पळायला लागले असं व्हॉट्सअपवर आलं तर मात्र फॉरवर्ड करू नका. अमेरिकेत एप्रिल २०२१ मधे एफडीएनं, म्हणजे औषधं अन् उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, पक्षाघाताच्या पेशंटसाठीच्या इप्सीहँड या उपकरणाला परवानगी दिली, त्यात व्हीआर नाही, मेंदूच्या धड बाजूचा सिग्नल घेऊन हातावरचा पट्टा बोटं उघडतो.

आता आपल्याकडं हे आणायचं तर पहिली अडचण खोबरेल तेलाची. खरंच! तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, केस धुऊन, भांग पाडून, एकेका ठिकाणी जेल भरावं लागतं, अन् मे महिन्यात घाम आला की स्क्रीनवरची रेघ वाहवत जाते. त्यात "आजोबा, मूठ आवळायचा विचार करा... आता सोडा" हे परत परत, कॉम्प्युटरला त्यांचा सिग्नल कळेपर्यंत. डोक्यात चिप बसवायच्या बातम्या जोरात चालू हायत, पण मला विचाराल तर आपल्या कामाची वस्तू म्हणजे जेल न लागणारी कोरडी टोपी, घरच्या घरी सुनेला नाहीतर नातवाला पटकन घालून देता येईल अशी.