फेस धरणारं यीस्ट

ग्लासात स्पार्कलिंग वाइन ओतली की फेस सरसरत वर येतो, आणि मग एखाद्या वाइनचा बघता बघता बसून जातो, तर एखादीच्या काठाला बारीक बुडबुड्यांचं पांढरं कडं बराच वेळ तसंच राहतं. गॅस दोन्हीत सारखा असला तरी असं होतं. मग फरक कुठून आला? बराचसा यीस्टमधून, आणि तेही मेलेल्या यीस्टमधून!

शॅम्पेनच्या पद्धतीत आधी साधी, बिनबुडबुड्याची वाइन तयार करतात, मग त्यात लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि नवीन यीस्ट घालून बाटल्या बंद करतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाटच नाही म्हणून तो वाइनमध्येच विरघळत राहतो, आणि आतलं प्रेशर 6 अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास पोचतं. फ्रेंचमध्ये याला प्रीज द मूस म्हणतात, म्हणजे फेस धरणं.

पण त्या यीस्टची अवस्था बघा ना, आधीच 10-11 टक्के अल्कोहोल, वर आंबटपणा, तळघरातली थंडी आणि वाढत चाललेलं प्रेशर. इथे वाटेल ते यीस्ट तग धरत नाही, म्हणून निवडून घ्यावं लागतं. शिवाय शेवटी तळाशी बसलेल्या यीस्टचा गाळ काढायचा असतो, तर गुठळ्या करून पटकन खाली बसणारं असलं की काम सोपं.

साखर संपली की यीस्ट मरतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं. पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी हळूहळू विरघळते आणि तिच्या भिंतीतली मॅनोप्रोटीन्स, म्हणजे साखर जोडलेली प्रोटीन्स, वाइनमध्ये उतरतात. त्यांच्या एका भागाला पाणी आवडतं, दुसऱ्याला नको असतं, त्यामुळे ती नेमकी बुडबुड्याच्या कडेवर जाऊन बसतात आणि बुडबुडा लवकर फुटत नाही. याला महिने लागतात, शॅम्पेनमध्ये तर बाटली किमान 12 महिने गाळावर ठेवायचा नियमच आहे.

मॅनोप्रोटीन्स किती आणि कशी मिळणार हे यीस्टच्या प्रत्येक स्ट्रेनचं, म्हणजे वाणाचं, वेगळं. यीस्टमध्ये एफपीजी1 नावाचं जीन सापडलंय, ते काढून टाकलं की फेस कमी होतो. उलट यीस्टच ऑक्टॅनॉइक, डेकॅनॉइक अशी फॅटी अ‍ॅसिड्सही बनवतं आणि ती फेस मोडतात.

गंमत म्हणजे पहिल्या फर्मेंटेशनला, म्हणजे साधी वाइन तयार होताना, हाच फेस नकोसा होतो, टाकीतून उतू जाऊ नये म्हणून वर जागा रिकामी सोडावी लागते, त्यामुळे तिथे कमी फेसाळणारं यीस्ट बरं पडतं आणि बाटलीत मात्र फेस टिकवणारं शोधावं लागतं.