कॅनॉलच्या पट्टीवरून सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरातून सायकलवर मंगळवेढ्याला किंवा पंढरपूरला निघतो म्हटलं, की घरातली माणसं आधी विचारतात, "त्या हायवेनं?" काळजी खरी आहे. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागं दिवा असेलच असं नाही. त्या गर्दीत सायकल घालू नका, हे मीही सांगेन. पण आपल्या भीमा-सीनेच्या खोऱ्यात दुसऱ्या वाटा आहेत. त्या नव्यानं बांधायच्या नाहीत, आज आहेत, आणि त्यांवर मोटारगाडी क्वचितच भेटते. आज त्या वाटांबद्दल बोलू.

या वाटा तीन प्रकारच्या. कॅनॉलची पट्टी, नदीवरचा बंधारा आणि शिवेवरची पाणंद. पुन्हा सांगतो: पट्टी, बंधारा, पाणंद. हे तीन शब्द लक्षात ठेवले की नकाशाशिवायही माणूस विचारत विचारत पुढं जातो, कारण गावात सगळे हेच शब्द बोलतात.

पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. बंधारा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा, बर्गे, म्हणजे फळ्या, टाकून पाणी अडवायचा. भीमेवर आणि सीनेवर असे बंधारे ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्या माथ्यावरून सायकल हातात धरून पलीकडं जाता येतं. मोठ्या पुलाचा वळसा वाचतो. मात्र एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही. घोट्याएवढं असलं तरी नाही. सोलापूर शहरासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते भीमेतून वाहत वाहत खाली औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत येतं. आपण नळाखाली घागर लावतो, तिच्यात वर्षानुवर्षं या वाटेनंही पाणी येत आलेलं आहे. ते सुटलेलं असेल त्या दिवसांत बंधाऱ्याच्या काठावर थांबायचं, गावात विचारायचं, गरज पडली तर मागं फिरायचं.

आता पट्टी. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, साठा 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट. त्याचे डावा आणि उजवा असे दोन मोठे कालवे, दोन्ही शंभर किलोमीटरच्या पुढं जाणारे. कालव्याच्या भरावावर तपासणीसाठी मुरमाचा रस्ता ठेवलेला असतो, ती पट्टी. सायकलवाल्याला ती का सोयीची? कालव्याचं पाणी उतारानं न्यायचं असतं आणि तो उतार अगदी थोडा ठेवावा लागतो. त्यामुळं पट्टीही जवळजवळ सपाट. चढ नाही, दम लागत नाही. उंच भरावावर बसल्यासारखं दोन्हीकडचं शिवार दिसतं. माढ्याकडं ऊस आणि डाळिंब, मंगळवेढ्याकडं काळ्या रानात ज्वारी.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठानं जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलींचा एक मार्ग आहे. जगभरचे लोक तिथं पडशा बांधून सायकलवर येतात. त्यातला बराचसा भाग मुळात कुठला? प्रवाहाविरुद्ध घोड्यांकडून नावा ओढून नेण्यासाठी काठानं जी वाट होती, ती. पाण्याच्या कामासाठी केलेली वाट पुढं सायकलींना मिळाली. आपली पट्टीही पाण्याच्या कामाचीच वाट आहे.

आणि हे काम म्हणजे नेमकं काय, हे मला एका पाटकऱ्यानं, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसानं, दाखवलं. ती हकिकत तुम्हाला सांगायचीच आहे.

जानेवारीचे दिवस होते, रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्यात पाणी सोडायची पाळी, चालू. मोहोळ तालुक्यात डाव्या कालव्याच्या पट्टीवरून मी आणि माझे दोन मित्र सकाळी निघालो होतो. कालवा काठोकाठ भरलेला, ज्वारी हुरड्यात आलेली. समोरून एक गृहस्थ दांडीच्या काळ्या सायकलवर आले. डोक्याला मफलर, कॅरियरला फावडं बांधलेलं, हँडलला बॅटरी अडकवलेली. त्यांनी दुरूनच हात वर केला.

"उतरा खाली. आन् बोलू नगा."

आम्हाला वाटलं, पट्टीवर आलो म्हणून आता बोलणी बसणार. आम्ही उतरून उभे राहिलो. ते मान कलती करून तसेच थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "ऐकू येतंय का काय?"

मला उसातला वारा ऐकू आला. लांब कुठं मोटार चालू होती. एक मित्र म्हणाला, "पक्षी बोलतायत." त्यांनी मान हलवली, सायकल स्टँडला लावली आणि भरावाच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरले. बाहेरच्या, बरं का. पाण्याच्या बाजूनं नाही, शेताच्या बाजूनं. पाच-दहा पावलं चालले, उकिडवे बसले, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. तिथं बोटाएवढी धार वाहत होती. खेकड्याचं बीळ. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उन्हाकडं धरलं.

"गढूळ हाय," ते म्हणाले. "निवळ असतं तर सांच्याला बगितलं असतं. गढूळ म्हंजी माती घिऊन चाललंय. आता थांबून चालायचं न्हाई."

श्रोतेहो, हे वाक्य मी विसरलेलो नाही. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर भराव अजून धरून असतो. गढूळ असेल तर पाणी आतली माती खरवडून बाहेर नेत असतं, भोक मोठं होत जातं आणि शेवटी भरावाला भगदाड पडतं. मग खालच्या माणसाची उभी ज्वारी वाहून जाते आणि शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी पोचत नाही. एका ओंजळीत त्यांनी हे सगळं पाहिलं.

पुढं सगळं भराभर झालं. एका मित्राला त्यांनी वस्तीवर पिटाळलं, रिकामी पोती आणि आणखी एक फावडं आणायला. स्वतः फोन लावून पाटबंधारे खात्याच्या वरच्या चौकीवर पाणी कमी करायला सांगितलं. मग पाण्याच्या बाजूला येऊन पालथे पडले आणि पाण्याकडं बघत राहिले. मला बोलावून दाखवलं. काठापासून हातभर आत पाण्यावर रुपयाएवढा भोवरा फिरत होता. पाणी आत शिरत होतं ते तिथून. वस्तीवरून पोती घेऊन मित्र आला, त्याच्या मागं दोन तरुण कडब्याची पेंढी घेऊन पळत आले. आम्ही काळी माती भरून द्यायची, त्यांनी ती पोती काठीनं दाबत भोवऱ्यावर बसवायची. पेंढीही पिरगाळून आत कोंबली. दर थोड्या वेळानं एक जण पलीकडं जाऊन धार बघून यायचा. धार बारीक झाली, थेंब-थेंब झाली आणि थांबली. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, आमचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले.

वस्तीवर चहा झाला. तिथल्या आजींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचं गाडगं पुढं ठेवलं. (इथं एक सांगून टाकतो. सायकलवर नेण्यासाठी लोक महागड्या गोड वड्यांची पाकिटं घेतात. आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीसारखं प्रवासाचं खाणं नाही. दिवसेंदिवस टिकते, पिशवीत मोडली तरी चालते, सोबत शेंगाची चटणी असली की कालवणाची गरज नाही. पिढ्यान् पिढ्या वारीच्या वाटेवर माणसं भाकरी बांधून चालली, ते उगीच नव्हे.)

चहा पिताना मी पाटकरीकाकांना विचारलं, "आजकाल सगळे मोटारसायकल वापरतात. तुम्ही अजून सायकलवर कसे?" त्यांनी कप खाली ठेवला. "फटफटी हाय की घरी, पोराची. पर फटफटीवर बसलं की पानी बोलत्यालं ऐकू येत न्हाई. रातच्याला तर कानावरच काम असतंय. डोळ्याला काय दिसतंय अंधारात?"

आवर्तन चालू असताना रात्री ते पट्टीवर सावकाश सायकल चालवायचे, मधे मधे थांबायचे, कान लावायचे. कुठं गळतंय, कुठं चोरून दार उचललंय, कुठं झाड आडवं पडून पाणी तुंबलंय, हे त्यांना आवाजावरून कळायचं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच ऐकू न आलेली धार त्यांनी चालत्या सायकलवरून ऐकली होती.

म्हणून माझं ठाम मत आहे. या पट्ट्यांवर डांबर नको. डांबर आलं की गाड्या येतात, गाड्या आल्या की वेग येतो आणि सायकल पुन्हा कडेला ढकलली जाते. मुरूम टाकून दबाई करावी, मोऱ्यांपाशी कठडे करावेत, शेतकऱ्याच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला वाट असावी. एवढं पुरे. आणि सावलीसाठी झाडं लावायची तर भरावावर नकोत, मुळं भराव फोडतात. पायथ्यापासून दूर लावा आणि कडुनिंब, चिंच लावा. हल्ली जिथं तिथं गुलमोहर लावतात. मार्चपर्यंत पानं झडलेली असतात आणि वारा सुटला की फांदी मोडते. आपल्या उन्हाच्या मुलखाला तो उपयोगाचा नाही.

जायचं कुठं, हे थोडक्यात. नवख्यानं माचणूरपासून सुरुवात करावी. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर, भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी किल्ला. सतराव्या शतकाच्या शेवटी औरंगजेबाची छावणी काही वर्षं इथं होती. घाटाच्या पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडायला यापेक्षा चांगली जागा नाही. दुसरी वाट हत्तरसंग कुडलची, जिथं सीना भीमेला मिळते. विजापूर रस्त्यानं मंद्रूपपर्यंत पहाटे लवकर, गाड्या वाढायच्या आत; पुढं गावरस्ते. तिथं संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेतल्या आद्य लेखांत तो गणला जातो. शेजारी हरिहरेश्वराचं देऊळ, तिथं 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. दोन्ही बघायला सावकाश वेळ काढा.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हाच काळ. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपलं ऊन कसं असतं ते सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास पट्टीवर सराटे वाळलेले असतात. पंक्चर होणारच असं धरून सोल्युशन, ठिगळं आणि पंप जवळ ठेवा. ट्यूब जोडली की टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो आत राहिला तर पुढच्या मैलावर पुन्हा खाली बसावं लागेल.

आणि पट्टीवर शिरण्याआधी चौकीवर विचारा. ती जागा पाटबंधारे खात्याची आहे, आवर्तन चालू आहे का आणि पुढं पट्टी कुठं तुटली आहे का हे तिथं कळतं. परत सांगतो, चौकीवर विचारा. वाटेत भरावाच्या बाहेरच्या अंगाला पाणी झिरपताना दिसलं तर ओंजळीत घेऊन बघा. गढूळ असेल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून लगेच चौकीवर कळवा.

नमस्कार.