विंडोज सर्व्हरवर कंटेनर चालवताना फायरवॉल बंद करू नका

मित्रहो, सर्व्हरवर कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली, वेगळी चालणारी पेटी) उभा केला आणि शेजारच्या मशिनवरून तो उघडेना, की कुणीतरी म्हणतंच, ‘जरा फायरवॉल बंद करून बघू.’ बंद केली की ॲप्लिकेशन चालू लागतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ती परत सुरू करायची राहून जाते. फायरवॉल बंद करण्याची वेळ येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. वाट नेमकी कुठे अडली आहे ते शोधता आलं, की पुरतं.

आधी मांडणीबद्दल थोडक्यात. विंडोज कंटेनर विंडोज सर्व्हर २०१६ पासून आले. आपल्याकडच्या पतसंस्था, महाविद्यालयं, लहान कारखाने यांची कितीतरी सॉफ्टवेअर्स अजून जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर आणि आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालतात. ती लिनक्सच्या कंटेनरमध्ये जात नाहीत, म्हणून हा मार्ग. कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे डॉकर. सर्व्हरवर डॉकर डेस्कटॉप टाकू नका, तिथे त्याला सपोर्ट नाही. ‘कंटेनर्स’ हे फीचर चालू करा, सर्व्हर रीस्टार्ट करा, मग डॉकर इंजिन बसवा. जुन्या लेखांत डॉकरएमएसएफटीप्रोव्हायडर हे मॉड्यूल वापरायला सांगितलेलं असतं; त्या वाटेला आता जाऊ नका. आणि इमेजची (ज्यावरून कंटेनर तयार होतो त्या साच्याची) आवृत्ती होस्टशी, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरशी, जुळवून घ्या. २०१९ च्या होस्टवर २०२२ ची इमेज चालत नाही. २०२२ च्या होस्टवर २०१९ ची चालवायची, तर हायपर-व्ही आयसोलेशन (कंटेनरला स्वतःचं छोटं व्हर्च्युअल मशिन देणारी पद्धत) लागतं.

पहिली अडचण इमेज उतरवताना येते. विंडोजची स्वतःची फायरवॉल बाहेर जाणारी वाहतूक मुळात अडवत नाही; अडवते ती संस्थेच्या वेशीवरची फायरवॉल किंवा प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक मध्ये घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर). इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टच्या रजिस्ट्रीचा, म्हणजे इमेजच्या कोठाराचा, पत्ता ‘एमसीआर डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’. नेटवर्कवाले तो उघडून देतात. पुल (इमेज उतरवणं) सुरू होतो, लेयरची (इमेजच्या थरांची) नावं स्क्रीनवर येतात, आणि मग ‘रीट्रायिंग’ असं म्हणत सगळं तिथेच घुटमळतं. कारण रजिस्ट्री त्या पत्त्यावर फक्त यादी देते. प्रत्यक्ष लेयर ‘डेटा डॉट एमसीआर डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’च्या खालच्या पत्त्यांवरून येतात. ४४३ पोर्टवर दोन्ही उघडून मागा. ब्राउझरमध्ये साइट दिसते म्हणूनही समाधान मानू नका. डॉकर ही विंडोजची सर्व्हिस आहे. तुमच्या लॉगिनमधली प्रॉक्सी तिला दिसत नाही. ती सिस्टिम पातळीवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावी लागते आणि सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

आता आत येणारी वाहतूक. कंटेनरचा ८० पोर्ट होस्टच्या ८०८० वर जोडला, असं समजू. तपासणी नेहमी दुसऱ्या मशिनवरून, पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने करा. २०१६ च्या सर्व्हरवर तर होस्टवरूनच लोकलहोस्टने बघितलं की पान उघडत नसे. तिथल्या नॅटची (कंटेनरचे आतले पत्ते होस्टच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेची) ती मर्यादा होती. फायरवॉलचा त्यात काहीही दोष नव्हता, तरी लोक तिच्यावरच घसरत. लिनक्सवरचा अनुभवही इथे जसाच्या तसा लावू नका. तिथे डॉकर स्वतःच आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-यंत्रणेत नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या तिच्या सोप्या आवरणाला वळसा घालून पोर्ट उघडा पडतो.

नियम लिहायचा तर न्यू-नेटफायरवॉलरूलने लिहा: इनबाउंड, टीसीपी, लोकल पोर्ट ८०८०, आणि रिमोट ॲड्रेसमध्ये फक्त तुमच्या ऑफिसची रेंज. ही शेवटची अट बहुतेक जण गाळतात आणि नियम साऱ्या जगासाठी खुला राहतो. नियम असूनही चालत नसेल, तर गेट-नेटकनेक्शनप्रोफाइलने नेटवर्क कोणत्या प्रोफाइलमध्ये (डोमेन, प्रायव्हेट की पब्लिक) आहे ते बघा. डोमेनमधला सर्व्हर डोमेन कंट्रोलर न सापडल्यामुळे पब्लिक प्रोफाइलवर गेलेला असू शकतो. मग डोमेनपुरता लिहिलेला नियम लागूच होत नाही. आधीचा एखादा ब्लॉक नियम असेल, तर तो तुमच्या अलाउ नियमावर मात करतो. आणि एक वेगळीच शक्यता: डॉकरच्या नॅटने घेतलेली १७२ ची रेंज तुमच्या व्हीपीएनच्या रेंजशी टकरावते. उत्तरं भलतीकडे जातात आणि दोष फायरवॉलला लागतो. डॉकरच्या सेटिंगच्या ‘डीमन डॉट जेसन’ या फाइलमध्ये ‘फिक्स्ड-सीआयडीआर’ देऊन रेंज बदला.

आता २३७५. या पोर्टबद्दल मी जरा कळकळीनेच बोलणार आहे. विंडोजवर डॉकर इंजिन मुळात नेम्ड पाइपवर (विंडोजमधल्या प्रोग्रामनी आपसांत बोलायच्या वाटेवर) ऐकतं, आणि तिथे ॲडमिनिस्ट्रेटरलाच प्रवेश असतो. लांबून कारभार करता यावा म्हणून कुणीतरी २३७५ उघडतं. या पोर्टवर ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. जो तिथे पोचला, तो होस्टचा सी ड्राइव्ह जोडलेला कंटेनर सुरू करू शकतो. म्हणजे तुमच्या सगळ्या वाड्याची किल्लीच त्याच्या हातात पडली. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट सतत धुंडाळले जातात आणि सापडले की तिथे क्रिप्टो मायनर बसतात. ‘इंटर्नल नेटवर्कच आहे’ ही सबब मला मान्य नाही. एका टेबलावरच्या संगणकात व्हायरस शिरला, की तोही इंटर्नलच असतो. लांबून काम करायचंच असेल, तर २३७६ वर टीएलएस (एन्क्रिप्शन) लावा, क्लायंट सर्टिफिकेटची सक्ती करा आणि फायरवॉलमध्ये केवळ ॲडमिनच्या मशिनचा पत्ता ठेवा. त्याहून सोपं म्हणजे एसएसएच किंवा पॉवरशेल रिमोटिंगने सर्व्हरवर जा आणि पोर्ट उघडूच नका.

एवढं करूनही गुंता सुटला नाही, तर फायरवॉलचा लॉग वाचा. तो मुळात बंद असतो. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘ड्रॉप’ झालेल्या पॅकेटची नोंद चालू करा आणि सिस्टिम३२ मधल्या लॉगफाइल्समधल्या ‘फायरवॉल’ फोल्डरात पीफायरवॉल नावाची फाइल उघडा. ‘ड्रॉप’, टीसीपी, कुणाचा पत्ता, कोणता पोर्ट, हे सगळं एका ओळीत असतं. तुमच्या मशिनचा पत्ता आणि ८०८० तिथे दिसला, तर नियम चुकला आहे. ओळच नसेल, तर पॅकेट बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही. मग स्विच, राउटर किंवा क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप बघणाऱ्या माणसाला फोन लावा.