गाठ कुठं मारलीय?

नमस्कार.

मागच्या महिन्यात आपण इथं सोलापुरात 'रशियन आर्क' दाखवला, सोकुरोव्ह या रशियन दिग्दर्शकानं एकही कट न घेता काढलेला सिनेमा. मध्येच लाइट गेल्यामुळं उशीर झाला आणि चर्चा राहून गेली. पण खरी चर्चा त्या दिवशी जिन्यात झाली, चपला घालताना झाली, खाली चहाच्या गाडीवर झाली. ती मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवली. आज बोलणार आहे ते त्या वहीतून.

जिन्यात मला गाठलं ते पूर्व भागातल्या एका मामांनी. चाळीस वर्षं चादरीचे माग चालवलेला माणूस. त्यांनी विचारलं, "सर, सगळं मान्य. पण ह्यात गाठ कुठं मारलीय?"

तुमच्यापैकी निम्म्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. मागावर ताण्यातला धागा तुटतो. माग थांबवायचा, टोक शोधायचं, सांधायचं, पुन्हा माग चालू. चांगल्या कारागिराची गाठ डोळ्याला दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागते. मामा म्हणाले, "मी दीड तास नुसतं बोट फिरवत होतो. लागली नाही."

सिनेमात आपण ज्याला कट म्हणतो ती गाठच. साध्या सिनेमात अशा शेकडो गाठी असतात आणि त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हिचकॉकनं १९४८ साली 'रोप' काढला, तेव्हा रीळ जेमतेम दहा मिनिटांचं. मग कॅमेरा कुणाच्या तरी पाठीवर नेऊन टेकवायचा, पडदा काळा झाला की रीळ बदलायचं. म्हणजे गाठी होत्या, बऱ्याचशा कोटाच्या पाठीआड लपवलेल्या. सोकुरोव्हला ती लपवायचीही नव्हती. रीळच नको म्हणून त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला, हार्ड डिस्कवर चित्रण केलं. २३ डिसेंबर २००१, सेंट पीटर्सबर्गचं हर्मिताज संग्रहालय, म्हणजे पूर्वीचा झारांचा हिवाळी राजवाडा. तेहतीस दालनं, सुमारे दोन हजार माणसं, तीन वाद्यवृंद, आणि तिलमान ब्युटनर नावाचा एक जर्मन कॅमेरामन, अंगावर स्टेडिकॅम, म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणारा साज, बांधून चालणारा. उत्तरेकडचा तो डिसेंबर. दिवसाचा उजेड सहा तासांचासुद्धा नाही.

मामांना मी हे सांगितलं, तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार. "तुटलंच नाही का मग?"

तुटलं. तीनदा तुटलं. तीन प्रयत्न सुरुवातीलाच फसले. चौथा साधला, आणि पाचव्याची सोय नव्हती. उजेडही संपत आला होता आणि बॅटरीही.

"आणि ती तीन?"

टाकून दिली, म्हटलं.

मामा काही बोलले नाहीत. वाया गेलेल्या मालाचं ज्याला कळतं तो असाच गप्प होतो. या सिनेमावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण त्या तीन टाकलेल्या तुकड्यांचं वाईट वाटलेला माणूस मला आपल्या सोलापुरातच भेटला.

एक कॉलेजातली मुलगी होती, पुढच्या रांगेत. तिचा भाऊ सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. ती म्हणाली, "सर, मला राजेराण्या दिसल्याच नाहीत. मला तो कॅमेरावाला दिसत होता. जिना आला की मी श्वास धरत होते." काठी पेलायचा सराव ज्यांनी घरातून पाहिलाय त्यांना हे कळतं. भार कंबरेला आणि छातीला, नजर वर, पाय आपले आपण वाट शोधतात. आपल्याकडे खांदेपालट होते, दमलेल्याच्या हातून दुसरा काठी घेतो, बाराबंदीतली चार माणसं कडेला उभी असतात, 'हर्र बोला हर्र' म्हणत बळ देतात. ब्युटनरला शेवटच्या जिन्यापर्यंत ते ओझं दुसऱ्याच्या अंगावर देता येणार नव्हतं. एरवी कॅमेऱ्यामागचा माणूस आपल्या मनातही येत नाही. इथं पडद्यावर न दिसणारा तोच माणूस तिला सगळ्यात जास्त दिसला. समीक्षक ज्याला कसरत म्हणून हिणवतात ते तिनं कष्ट म्हणून पाहिलं, आणि मला तिचं पाहणं जास्त खरं वाटतं.

आता उठून गेलेल्यांबद्दल. बरेच जण गेले, आणि त्यांच्यात मूर्ख कुणी नव्हतं. एक गृहस्थ जाताना म्हणाले, "गोष्ट सुरू झाली की फोन करा." बरोबर आहे त्यांचं. इथं गोष्ट नाही. पडदा काळा आहे, एक आवाज म्हणतो की काहीतरी अपघात झाला, मी कुठं आहे कळत नाही. मग बर्फात गाड्यांतून उतरणारी नटलेली माणसं, आणि त्यांच्या मागून आपण बाजूच्या दारानं आत. एक काळ्या कपड्यातला फ्रेंच मार्क्विस, म्हणजे सरदार, भेटतो, क्युस्तिन नावाचा. हा क्युस्तिन खराच होता; १८३९ साली रशियात फिरला आणि त्या देशावर फार कडवट पुस्तक लिहिलं. तो पुढं, आवाज मागं, असे दोघं दालनं ओलांडत जातात. एका दारापलीकडे पीटर द ग्रेट आपल्या सेनापतीला बडवतोय. दुसऱ्यापलीकडे कॅथरीन राणी नाटकाची तालीम बघतेय. पुढं इराणच्या शहाचा दूत झारची माफी मागायला आलाय, कारण १८२९ साली तेहरानच्या जमावानं रशियाच्या राजदूताला, ग्रिबोयेदोव्हला, ठार मारलं होतं. कुणी सांगत नाही हा कोण, तो कोण. रशियन मुलांना शाळेत शिकवलेलं असतं, आपल्याला नाही. शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात रागानं मागं फिरले, एवढं नुसतं दाखवलं, नाव न घेता, तर आपल्या अंगावर काटा येईल आणि रशियन माणूस घड्याळ बघेल. म्हणून पुढच्या वेळी सुरुवातीला मी पंधरा मिनिटं बोलणार आहे. ती चूक माझी होती, बघणाऱ्यांची नाही.

मामांच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्यावर मी महिनाभर विचार करतोय. गाठ आहे. चित्रात नाही, पण आहे. एक तर आवाजात आहे. आवाज सगळा नंतर बसवलेला आहे. चित्रावरही नंतर संगणकावर हात फिरवलेला आहे. ही फसवणूक नाही, पण 'एका दमात' म्हणताना हे माहीत असावं. आणि दुसरी गाठ दारांत आहे. कॅमेरा उंबरा ओलांडतो आणि शंभर वर्षं उलटतात. मागं कधी, पुढं कधी. म्हणजे धागा अखंड आहे, पण काळ जागोजागी तोडून जोडलेला. नजर तुटत नाही म्हणून आपल्याला वाटतं इतिहासही तुटला नाही. या सिनेमाची खरी ताकद ही आहे आणि खरा धोकाही हाच.

एक दार मात्र वेगळं आहे. आवाज क्युस्तिनला सांगतो, तिकडं नको जाऊस. तो ऐकत नाही. आत रंग नाही, सोनं नाही. थंडी आहे, बर्फ आहे, रिकाम्या चौकटी आहेत आणि एक माणूस फळ्या ठोकून शवपेटी करतोय. स्वतःची. हे लेनिनग्राड, म्हणजे तेच सेंट पीटर्सबर्ग, दुसऱ्या महायुद्धातलं. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, जर्मन फौजांचा आठशे बहात्तर दिवसांचा वेढा. वेढा पडण्याआधी हर्मिताजमधली चित्रं आगगाड्यांतून उरलकडे हलवली होती, चौकटी मात्र भिंतीवर तशाच ठेवल्या, म्हणजे परत आल्यावर कुठलं चित्र कुठं ते कळावं. संग्रहालयातला एक मार्गदर्शक सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोर नेऊन इथं काय होतं ते आठवणीतून सांगत असे. क्युस्तिनला यातलं काही कळत नाही, तो १८३९चा माणूस. तो चिडून बाहेर येतो. कॅमेरा तिथं फार थांबतही नाही. पण त्या दिवशी सभागृहात खुर्च्यांची कुरकुर थांबली ती याच खोलीत. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

चहाच्या गाडीवर एक जुने कामगार कार्यकर्ते माझ्यावर खूप संतापले होते. त्यांचं म्हणणं असं: "हा त्याच राजवाड्याचा सिनेमा ना, ज्यात १९१७ला लोक घुसले? मग ते लोक कुठं आहेत? दोन हजार माणसं गोळा केली आणि सगळी सरदार, सगळी नाचणारी. ताटं उचलणारेसुद्धा नटलेले." मी म्हटलं, क्रांती दाखवलेली नाही, पण ती दाराबाहेर उभी आहे. ते म्हणाले, "दाराबाहेरच ना? आम्ही कायम दाराबाहेरच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आपल्या सोलापूरचा असा एका दमाचा सिनेमा काढायचा, तर कॅमेरा कुठल्या दारातून आत जाईल?"

हा प्रश्न मला झोपू देत नाही. भुईकोट किल्ल्यातून निघाला तर एक सोलापूर दिसेल. गिरणीमालकाच्या बंगल्यातून निघाला तर दुसरं. आणि जुन्या गिरणीच्या फाटकातून, पहाटेच्या भोंग्याला आत जाणाऱ्या बायाबापड्यांच्या मागून निघाला तर? तो कॅमेरा मे १९३०च्या मार्शल लॉमधून जाईल, गांधीटोप्या हिसकावणाऱ्या सोजिरांसमोरून जाईल. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चौघं त्याला वाटेत भेटतील. पण १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात त्यांना फाशी दिलं, तिथं तो कॅमेरा चालत कसा पोचणार? एका दमात सोलापूरहून पुण्याला जाता येत नाही. तिथं कट करावाच लागेल. सोकुरोव्हला एकच राजवाडा पुरला, कारण सत्ता एका छपराखाली मावते. कष्टकऱ्यांचा इतिहास एका घरात राहत नाही. त्याला गाठी मारल्याशिवाय तो विणताच येणार नाही. त्या कार्यकर्त्यांना हे मी आज सांगतोय, त्या दिवशी सुचलं नव्हतं. ते इथं बसलेत. माझं चुकत असेल तर त्यांनी उठून सांगावं.

शेवटाबद्दल थोडं. १९१३चा नाच. रोमानोव्ह घराण्याला तीनशे वर्षं झालेलं साल. नामवंत संगीत-संचालक गेर्गियेव्ह स्वतः वाद्यवृंदासमोर उभा, रशियन संगीतकार ग्लिंकाची माझुर्का नाचाची धून, कॅमेरा नाचणाऱ्यांच्या मधून फिरतो. नाच संपतो. क्युस्तिन म्हणतो, मी पुढं येत नाही, इथंच राहतो. आणि मग तो जिना. शेकडो माणसं गप्पा मारत, पंखे हलवत, पदर सावरावा तसे झगे सावरत उतरतायत, उतरतच राहतात. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नातवाबरोबर आलेल्या. एवढ्या वेळात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या जिन्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना कुणीतरी सांगा रे, तिकडं जाऊ नका म्हणावं."

आता त्या लाइटबद्दल. क्युस्तिन चित्रदालनात होता आणि अंधार झाला. बारा-पंधरा मिनिटं आपण तसेच बसलो. मोबाइलचे दिवे लागले, कुणी पाणी प्यायलं. लाइट आल्यावर जिथं थांबलं होतं तिथून पुढं लावलं. ज्या सिनेमासाठी तीन प्रयत्न टाकून दिले त्यात आपण गाठ मारली, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटत होतं. मामांनी जिन्यात निरोप घेताना तेच काढलं. म्हणाले, "मधली ती एक गाठ आपली हो. त्यांची नाही. एकदा न तुटता दाखवा."

येत्या रविवारी दाखवतोय. संध्याकाळी सहाला. बॅटरी दोन दिवसांपूर्वीच आणून ठेवली आहे, तीन तास पंखा आणि प्रोजेक्टर लावून पाहिला. मामांना कालच त्यांच्या कारखान्यावर जाऊन सांगून आलो. शेवटच्या रांगेतली त्यांची खुर्ची कुणी घेऊ नका.