जागच्या जागी

[पडदा काळा. फक्त आवाज: इंजिन चढत जातं, पण लांब जात नाही.]

हा आवाज गोव्यातल्या बहुतेक गावांना ओळखीचा आहे. रात्री साडेदहा-अकराला, जेवणं उरकून माणसं अंथरुणाला पाठ टेकतात, तेवढ्यात कुठून तरी येतो. पळणाऱ्या गाडीचा आवाज जवळ येतो आणि विरून जातो. हा हलत नाही. एकाच जागी उभा राहून वर वर चढतो. घरातलं म्हातारं माणूस कूस बदलतं आणि म्हणतं, "झाले परत सुरू."

[चित्र उजळतं. रस्त्यावरचा काळा पट्टा, अगदी जवळून.]

सकाळी तिथे हे सापडतं. जागा उसगाव तिस्क, तालुका फोंडा. डांबराहून काळा, कोयत्यासारखा वळलेला पट्टा. त्याच्या कडेला रबराच्या बारीक वळ्या पडल्यात, खोडरबर घासल्यावर वहीत राहतात तशा.

याचं नाव बर्नआउट: मोटारसायकल जागच्या जागी धरून मागचं चाक रस्त्यावर घासत फिरवायचं. आमची मुलं म्हणतात, टायर जाळणं. याच उसगावात एमआरएफचा कारखाना आहे, म्हणजे टायर बनतो तेही इथेच.

[हाताची बोटं ब्रेकच्या दांडीवर. मग डावी मूठ.]

करायचं ते सांगायला सोपं आहे. पुढचा ब्रेक आवळायचा, पहिला गियर टाकायचा, अंगाचा भार मागच्या चाकावरून काढून हँडलकडे न्यायचा. रेस चढवायची आणि क्लच झटक्यात सोडायचा. पुढचं चाक बांधलेलं, मागच्याला तर फिरायचंच आहे. टायर रस्ता धरून बसलेला असतो तोवर त्याची पकड जबर असते. एकदा का तो सुटला, की घसरत्या रबराची पकड कमी होते. म्हणून सगळा जोर लागतो तो सुटेपर्यंत. पुढे तो आपला फिरत राहतो.

धुराचा रंग बघा. पांढरा. टायर खरोखर पेटला तर धूर काळाकुट्ट निघतो, ते आपण होळीत आणि आंदोलनात पाहिलंय. इथे रबर घासून तापतं, त्यात मिसळलेल्या तेलाची आणि इतर हलक्या पदार्थांची वाफ होते, आणि हवा लागताच तिचे बारीक थेंब बनतात. तो हा पांढरा ढग. तेव्हा 'जाळणं' म्हणणं तितकंसं बरोबर नाही, पण त्या ढगात उभं राहून हे कोणाला सांगायला जाऊ नये.

हे मी एकदा करून पाहिलंय. वय सतरा, बाबांची १०० सीसीची गाडी, पावसाळ्यातलं शेणाने सारवलेलं अंगण. पुढचा ब्रेक ड्रमचा, आणि धीर अर्धा. क्लच मी झटक्यात सोडलाच नाही, अर्ध्यावर धरून ठेवला. टायर सुटला असता तर सगळी झीज टायरने सोसली असती. अर्ध्या क्लचवर ती क्लचप्लेटा सोसतात. वास आला तो रबराचा नव्हे, करपट, नाकात बसणारा, जळक्या क्लचचा. मग पुढचं चाक ओल्यात घसरलं आणि गाडी मला घेऊन सरळ तुळशीवृंदावनावर गेली. वृंदावनाचा एक कोपरा अजून तुटका आहे. आई दर तुळशीच्या लग्नाला पाहुण्यांना तो दाखवते.

[जुनी छायाचित्रं: अमेरिकेतली ड्रॅग रेस.]

मुळात हा खेळ नव्हता, तयारी होती. अमेरिकेत सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यती. तिथली एनएचआरए ही संघटना १९५१ मध्ये निघाली. शर्यत काही सेकंदांची, म्हणून सुटताना टायर चिकटला पाहिजे, आणि तापलेलं मऊ रबर जास्त चिकटतं. तेव्हा शर्यतीआधी चाक जागीच फिरवून टायर तापवायचा, त्यावरची धूळ-खडे झाडून टाकायचे. चाक लवकर सुटावं म्हणून टायरखाली पाणी ओतायचे. एके काळी कपड्यांचं ब्लीचसुद्धा ओतलं. वळणावळणांच्या ट्रॅकवर आता टायरला विजेची उबदार पांघरुणं घालतात. तिथे बर्नआउट दिसतो तो जिंकल्यावर, प्रेक्षकांसमोर. शर्यत संपलेली, टायर झिजलेला, आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर.

उसगाव तिस्कावर बिल स्वतःच्याच नावावर असतं.

[माझा मामेभाऊ गाडी पुसतोय. चेहरा दिसत नाही.]

हा माझा मामेभाऊ. त्याच्याकडे केटीएमची सेकंडहँड मोटारसायकल आहे, ड्यूक ३९०. २०१३ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिच्या ४३ अश्वशक्तीचं आमच्याकडे केवढं अप्रूप! बुलेट साडेतीनशेला जेमतेम २०. मागचा टायर १५० मिलिमीटर रुंद. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हा शिफ्टमध्ये काम करतो. आठ तास यंत्राच्या एका सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं, पट्टा चालेल तसं हात चालवायचे. मला वाटलं, सापडलं उत्तर: दिवसभर यंत्र याला नाचवतं, रात्री हा यंत्राला नाचवतो. मी त्याला तसं म्हणालो. तो हसला. "दादा, सुट्टीच्या दिवशीपण करतो की."

मग त्यानेच नरकासुराचं काढलं.

[नरकचतुर्दशीची पहाट. कागदी नरकासुर पेटतोय.]

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळीआधी इथली मुलं रात्र रात्र जागून नरकासुर उभा करतात. बांबू, गवत, कागद, रंग, वर्गणी, भांडणं. चतुर्दशीच्या रात्री तो मिरवायचा आणि उजाडायच्या आत जाळायचा. इतक्या दिवसांची मेहनत पाच मिनिटांत राख. "तेव्हा कोण विचारतं का, पैसे फुकट गेले म्हणून?" मामेभाऊ विचारतो. मला पटकन काही सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. त्याला मजा येते ती वेगाची नाहीच. गाडी एक वीतभरही पुढे जात नाही. मजा आहे ती इतकं सगळं एका जागी धरून ठेवण्यात: दोन मुठी, एक पाय, खालून थरथरणारी टाकी, आणि भोवती पोरांचं कडं. एकट्याने, कोणी नसताना कधी केलंयस का, असं मी विचारलं. "एकट्याने कोण करतं?"

[फोंडा बसस्थानक. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली रांगेत.]

आता त्याचे वडील, माझा मामा. मामा पायलट. विमानाचा नव्हे, गोव्यात मोटारसायकल-टॅक्सी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, आणि पुढचं पिवळं मडगार्ड ही त्याची खूण. मामाच्या खिशात एक वही असते. टायर बसवला ती तारीख, तेव्हाचा किलोमीटरचा आकडा, काढला तेव्हाचा आकडा. पायलटचा टायर मधोमध सपाट झिजतो, कारण आयुष्य सरळ रस्त्यावर, मागे भाडं बसवून. मामा बोट फिरवून सांगतो, अजून महिनाभर जाईल.

पण मामाला बर्नआउट खुपतो तो पैशांपायी, असं समजू नका. मीही तसंच समजत होतो. चित्रीकरणाच्या पहिल्या रात्री आम्ही सोप्यावर बसलो होतो. तिठ्यावरून आवाज आला. मामा काही बोलला नाही. मांडीवरचा त्याचा डावा हात मात्र मिटला, बोटं आत ओढली गेली. तो क्लच दाबत होता. आवाज थांबला तेव्हा हात उघडला.

[तोच हात, पुन्हा, आवाजासह.]

काहींना इंजिनाचं ओरडणं कानाला गोड लागतं, आणि काहींना ते दुखतं. उभ्या गाडीला वारा लागत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन तापत जातं, चेन ताणून धरलेली असते, पुढच्या ब्रेकवर सगळा भार. मामाला हे कोणी शिकवलेलं नाही, ते त्याच्या अंगात आहे. मामेभावाला ते कळत नाही, असंही म्हणवत नाही. दसऱ्याला दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबू ठेवून. ड्यूकची चेन त्याने आदल्या रात्री टूथब्रशने घासलेली असते.

१९६४ मध्ये मार्विन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने थराराची ओढ मोजायला एक प्रश्नावली काढली. पुढे त्याने या ओढीचे चार पदर पाडले. त्यातला एक म्हणजे तोच तोचपणा असह्य होणं. कुंडईच्या पट्ट्यासमोर तो पदर लागू पडतो. पण तसा तो मामालाही लागू पडायला हवा, दुपारभर भाड्याची वाट पाहत बसणाऱ्याला.

[वागातोर. बाईकचा मेळा, तंबू, धूळ.]

इंडिया बाईक वीक इथे २०१३ मध्ये सुरू झाला. रॉयल एन्फिल्डचा रायडर मेनिया, २०२३ पासून ज्याचं नाव मोटोव्हर्स, तोही इथेच भरला. स्टंट बघायला गर्दी लोटते. पण लांबून आलेल्यांचे टायर बघा, बहुतेक शाबूत. बंगळूरला परत जायला साडेपाचशे किलोमीटरच्या वर रस्ता पडलाय, त्यात घाट. तेही टाळ्या वाजवतात, चाक दुसऱ्याचं असेल तर.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या मोटार वाहन कायद्यात बर्नआउट असा शब्द नाही. रस्त्यावर केला तर कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं, त्यात बसू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा कैद, किंवा दोन्ही. ऑस्ट्रेलियात तर गाडीच जप्त करतात. आणि धोका आहे तो नुसत्या चालवणाऱ्याला नाही. ब्रेकवरची बोटं जरा ढिली पडली, तर गाडी समोरच्या कड्यात घुसते. त्या कड्यात दहा-बारा वर्षांची पोरं असतात, मोबाईल वर धरून. हे मला मजेचं वाटत नाही, आणि मामेभावाला मी ते सांगितलंय.

[टायरचं दुकान. कॉम्प्रेसरचा आवाज.]

मे महिना. ड्यूकचा मागचा टायर गेला. दुकानदाराने तो उलटा करून दाखवला: मधोमध रबर संपून आतले धागे वर आलेले, सुपारीच्या सोलासारखे. मामाही आला होता. त्याने अंगठ्याने ते धागे दाबून पाहिले, वही काढली आणि किलोमीटर किती झाले ते विचारलं. मामेभावाने आकडा सांगितला. मामाने लिहिला नाही. वही परत खिशात.

नवा टायर बसला. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असतो, पकड यायला काही किलोमीटर जावे लागतात. "पहिले शंभर किलोमीटर जपून," दुकानदार म्हणाला.

[फोंडा ते उसगाव रस्ता. कॅमेरा मागून.]

त्या संध्याकाळी दोघं घरी निघाले. पुढे मामाचं पिवळं मडगार्ड, तीसच्या वेगाने. मागे ड्यूक, तीसच्याच वेगाने. तिठ्यावर काळा पट्टा आला. मामाने त्याला वळसा घातला. मामेभावानेही घातला. नवा टायर होता.