सॉकेट एक, बोली अनेक: जुन्या गाडीसाठी स्कॅनर निवडताना

मित्रहो, जुन्या गाडीचे दोष-कोड वाचायला कोणतं यंत्र घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर यंत्रांच्या यादीत शोधू नका. ते गाडीत शोधायचं असतं. आधी स्कॅनर घेतला, मग गाडीला लावून पाहिला, आणि पडद्यावर ‘लिंक एरर’ आल्यावर विचार सुरू केला, की पैसेही जातात आणि गाडी आहे तशीच उभी राहते.

प्रत्येक गाडीबाबत तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. एक, सॉकेटचा आकार. दोन, त्या सॉकेटमधून ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक) ज्या बोलीत बोलतो ती बोली, म्हणजे प्रोटोकॉल. तीन, शब्दकोश, म्हणजे आलेल्या कोडचा त्या गाडीपुरता अर्थ. बाजारात मिळणाऱ्या जोडकेबल फक्त पहिली अडचण सोडवतात. गोल सॉकेटला सोळा पिनांचं तोंड बसवलं म्हणून त्या गाडीची बोली बदलत नाही. ‘सर्व गाड्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलच्या संचाबद्दल हे आधीच लक्षात ठेवा.

आता सालाकडे येऊ. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींना १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही दोष-तपासणीची प्रमाणित पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ पासून आणि डिझेल मोटारींना २००४ पासून. ही सालं ज्या बाजारासाठी गाडी बनली त्या बाजाराची आहेत, कंपनीची नव्हेत. एकच मॉडेल, १९९८ चं, अमेरिकेसाठी बनलेलं असेल तर साध्या स्कॅनरला उत्तर देईल. तेच युरोपसाठी बनलेलं असेल तर कदाचित देणार नाही. म्हणून साल पाहून थांबू नका. बॉनेटखाली उत्सर्जनाच्या माहितीचं लेबल असतं, त्यावर ओबीडी-२ चा उल्लेख आहे का ते वाचा. आणि सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून खात्री धरू नका. जनरल मोटर्सच्या १९९४-९५ च्या काही गाड्यांत सॉकेट नव्या आकाराचं आहे, पण आतली बोली जुनी आहे.

ज्या गाड्या याच्याही आधीच्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतच नाही. एक जंपर वायर (दोन टर्मिनल जोडणारी छोटी तार), कागद-पेन्सिल आणि सर्व्हिस मॅन्युअल एवढं पुरतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. जनरल मोटर्सच्या बारा पिनांच्या सॉकेटमध्ये ए आणि बी हे दोन टर्मिनल जोडायचे, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करायची. आधी कोड १२ तीनदा येतो. त्याचा अर्थ एवढाच की इंजिन फिरत नाहीये आणि तपासणी यंत्रणा जागी आहे. त्यानंतर साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा येतो. टोयोटात बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीतले टीई१ आणि ई१ जोडायचे. दिवा एकसारखा लुकलुकत राहिला तर कोड नाही. होंडात दोन पिनांचा सर्व्हिस चेक कनेक्टर असतो, तिथे लांब झळक म्हणजे दहा आणि छोटी झळक म्हणजे एक. त्याच्याजवळच तीन पिनांचा वेगळा कनेक्टर असतो, त्याला हात लावायचा नाही. क्रायस्लरमध्ये वायरही लागत नाही: पाच सेकंदांच्या आत किल्ली ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन करायची, आणि ५५ आला की यादी संपली.

फोर्डच्या ईईसी-४ प्रणालीकडे जरा थांबू, कारण ती नुसती आठवण सांगत नाही, स्वतःची परीक्षाही घेते. इंजिन पूर्ण गरम करायचं. पहिली चाचणी किल्ली ऑन, इंजिन बंद. दुसरी इंजिन चालू ठेवून. या दुसऱ्या चाचणीत अनेक मॉडेलांवर एकदा ब्रेक दाबावा लागतो आणि स्टीअरिंग अर्धा फेरा फिरवावं लागतं. ते केलं नाही तर ब्रेक स्विच आणि पॉवर स्टीअरिंगच्या स्विचचे कोड येतात, आणि माणूस चांगले स्विच बदलत बसतो. ११ किंवा १११ आला तर चाचणी पास.

लुकलुकणारे कोड मोजताना चूक हमखास होते. फोनवर व्हिडिओ घ्या आणि पूर्ण चक्र दोनदा गेल्याशिवाय आकडा लिहू नका. आणि जंपर लावण्यापूर्वी कोणता टर्मिनल कशाचा, हे त्याच मॉडेलच्या आकृतीत पाहा. बऱ्याच गाड्यांच्या डायग्नोसिस डबीत बॅटरीचा पुरवठा असलेला टर्मिनलही असतो. तो चुकून सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या वायरीला जोडला, तर कोडचा प्रश्न मागे पडतो आणि ईसीयूचा सुरू होतो. पिवळ्या कनेक्टरांच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथे जंपर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावायचा नाही.

आता सोळा पिनांच्या गाड्या. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा आणि कोणत्या पिना प्रत्यक्ष बसवल्या आहेत ते पाहा. ४ आणि ५ अर्थिंगच्या, १६ बॅटरीची, या सगळीकडे असतात. त्यांच्या जोडीला २ आणि १० दोन्ही असतील तर जे१८५० पीडब्ल्यूएम ही बोली, म्हणजे बहुधा फोर्ड. फक्त २ असेल तर जे१८५० व्हीपीडब्ल्यू, म्हणजे बहुधा जनरल मोटर्स. ७ असेल, सोबत कधी १५, तर के-लाइन (आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २००० या बोली जिच्यावर चालतात ती तार): युरोपीय, आशियाई आणि क्रायस्लरच्या गाड्या. ६ आणि १४ असतील तर कॅन, नव्या गाड्यांची बोली. अमेरिकेत २००८ पासून सगळ्या नव्या मोटारींना कॅन सक्तीचं झालं, त्यामुळे आजचे काही स्वस्त स्कॅनर कॅनवरच भर देतात आणि जुन्या बोली अर्ध्यामुर्ध्या येतात. खोक्यावर ‘ओबीडी-२’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. पाचही प्रोटोकॉलची नावं यादीत आहेत का ते बघा: दोन जे१८५०, आयएसओ ९१४१-२, केडब्ल्यूपी २००० आणि कॅन.

के-लाइनवाल्या गाड्या सर्वांत जास्त फसवतात. आयएसओ ९१४१-२ मध्ये स्कॅनर आधी सेकंदाला पाच बिट अशा संथ गतीने एक पत्ता पाठवतो, हेक्स ३३. नुसत्या त्या हाकेलाच दोन सेकंद लागतात. नव्वदच्या दशकातल्या फोक्सवॅगन आणि ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत पिन ७ आहे, तार तीच आहे, पण तिथे केडब्ल्यू १२८१ ही कंपनीची स्वतःची बोली चालते. तिच्यात इंजिनाचा पत्ता ०१, एबीएसचा ०३, एअरबॅगचा १५. साधा स्कॅनर ३३ ला हाक मारत राहतो आणि त्या नावाचं घरात कोणीच नसल्यामुळे ओ कोणी देत नाही. अशा गाडीला केकेएल प्रकारची, म्हणजे लॅपटॉप के-लाइनला जोडणारी यूएसबी केबल आणि ती बोली जाणणारं सॉफ्टवेअर लागतं. केबल एफटीडीआय चिपची घ्या आणि लॅपटॉपमध्ये त्या पोर्टचा लेटन्सी टायमर (आलेली माहिती पुढे देण्यापूर्वी थांबण्याचा वेळ) मूळच्या १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणा. या बोलीत प्रत्येक बाइटला उलट पोच द्यावी लागते. पोच उशिरा गेली की ईसीयू संभाषण तोडतो, आणि दोष केबलला दिला जातो.

ब्लूटूथच्या छोट्या ईएलएम ३२७ डोंगलबद्दल, म्हणजे सॉकेटमध्ये खोचून फोनशी जोडायच्या यंत्राबद्दल, स्पष्ट बोलायला हवं. मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, आणि बाजारात जे दिसतं ते बहुतेक त्या नकलांचं पीक आहे. ‘१.५’ असा आवृत्ती क्रमांक मूळ कंपनीने कधी काढलाच नाही, म्हणजे तो आकडा दिसला की वस्तू नक्कल आहे हे ठरलं. कॅनवाल्या गाडीवर नक्कलही बऱ्याचदा चालून जाते. के-लाइनची संथ सुरुवात आणि जे१८५० इथे मात्र ती अडखळते. जुन्या गाडीसाठी डोंगलच हवा असेल तर एसटीएन चिपवर चालणारा घ्या. आयफोन वापरत असाल तर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे बहुतेक डोंगल त्याला चालत नाहीत, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा डोंगल लागेल. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, उभ्या गाडीची बॅटरी तो हळूहळू खातो.

किंमत वाढते तसा यंत्रात खरोखर काय फरक पडतो? मुख्यतः खोली. साध्या ओबीडी-२ स्कॅनरला उत्सर्जनाशी संबंधित कोड दिसतात, म्हणजे इंजिन आणि काही प्रमाणात गिअरबॉक्स. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांसाठी त्या कंपनीचा शब्दकोश असलेलं यंत्र लागतं. विकत घेताना ‘या ब्रँडला चालतं का’ असं विचारू नका. ‘या मॉडेलच्या, या सालाच्या, या इंजिनाच्या एबीएसचे कोड वाचतं का’ असं विचारा. अनेक यंत्रांच्या यादीत ब्रँडचं नाव असतं, पण त्या सालापुरतं आत काहीच नसतं. पुढची पायरी म्हणजे यंत्राने भागांना हुकूम देणं: फ्युएल पंप चालू करणं, पर्ज व्हॉल्व्ह (इंधनाची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडणं, एबीएस पंप फिरवून ब्रेकमधली हवा काढणं. एबीएसचं काम हाताशी असेल तर यावर खर्च करावा. फक्त इंजिनाचे कोड वाचायचे असतील तर त्याच पैशांत चांगला मल्टीमीटर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चालू आकडे पाहण्याबद्दल एक मर्यादा. के-लाइनवर एक उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारायला किमान ५५ मिलिसेकंद थांबावंच लागतं. विचारणं-सांगणं धरून एका आकड्याला सहज दशांश सेकंदाच्या वर वेळ जातो. पडद्यावर दहा आकडे एकदम लावले तर प्रत्येक आकडा सेकंदाहून शिळा असतो. ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हेलकावे घेतो, ते अशा पडद्यावर कळत नाही आणि चांगला सेन्सर सुस्त दिसतो. दोन किंवा तीनच आकडे निवडा. यंत्र महाग घेतलं तरी तारेचा वेग तोच राहतो.

जोडणीच होत नसेल तर यंत्र परत करण्यापूर्वी सॉकेट तपासा. स्कॅनर चालूच होत नाही? पिन १६ वर बॅटरीचा व्होल्टेज आहे का पाहा. अनेक गाड्यांत तिचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो, आणि लायटरमध्ये काहीतरी लावून तो कधीच उडालेला असतो. पिन ४ आणि ५ ची अर्थिंग पाहा. स्कॅनर चालू होतो पण बोलत नाही? किल्ली ऑन करून पिन ७ वर मोजा: के-लाइन मोकळी असेल तर बॅटरीच्या जवळपासचा व्होल्टेज दिसतो. शून्य दिसला तर कोणीतरी ती तार दाबून धरली आहे. फोक्सवॅगन-ऑडीत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नंतर बसवलेला रेडिओ. मूळ रेडिओच्या प्लगमध्ये के-लाइनची तार येते आणि नव्या रेडिओत त्याच जागी दुसरंच काही जोडलेलं असतं. रेडिओचा प्लग काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. बीएमडब्ल्यूत बॉनेटखाली वीस पिनांचं गोल सॉकेट असेल तर त्याचं झाकण घट्ट बसवलेलं हवं. काही मॉडेलांत त्या झाकणातच जोडणी असते, आणि ते नसेल तर आतलं सोळा पिनांचं सॉकेट मुकं राहतं. कॅनवाल्या गाडीत बॅटरी काढून पिन ६ आणि १४ मध्ये रोध मोजा. साधारण ६० ओम यायला हवा. १२० आला तर तारेच्या दोन टोकांना बसवलेल्या रोधांपैकी एकाची जोडणी तुटली आहे.

कोड आल्यावर शब्दकोशाचा भाग येतो. पी० ने सुरू होणारे कोड सगळीकडे एकाच अर्थाचे. पी१ ने सुरू होणारे कंपनीचे स्वतःचे, एकाच आकड्याचा दोन कंपन्यांत वेगळा अर्थ. यंत्राने गाडीचा ब्रँड न विचारता पी१ चा अर्थ दाखवला तर त्यावर विसंबू नका, आकडा घ्या आणि मॅन्युअलमध्ये पाहा.

आणि कोड भागाचं नाव सांगत नाही, सर्किटचं किंवा लक्षणाचं सांगतो. शीतकाच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड आला, तर सेन्सर काढून ओम मोजा. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. आकडे जुळले तर दोष वायरिंगमध्ये किंवा कनेक्टरमध्ये. जुन्या गाडीत हिरवी पडलेली पिन सेन्सरपेक्षा अधिक वेळा सापडते. मल्टीमीटर १० मेगाओम रोधाचा हवा. ईसीयूच्या वायरींवर साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तो सर्किटला झेपणार नाही एवढा प्रवाह ओढतो. पी०१७१ चंच घ्या: मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. अनेक जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. त्याऐवजी फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. आयडलला ट्रिम अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याच्या जवळ येत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि इनटेकचं गॅस्केट तपासा. उलट लोड वाढताना ट्रिम वाढत असेल तर इंधनाचा दाब, फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे जा. हे सगळं साध्या स्कॅनरवर दिसतं.

कोड पुसण्याचं बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. त्याने कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष झाला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान, लोड हे सगळं. पूर्ण झालेल्या स्वयंचाचण्यांची नोंदही शून्यावर येते आणि ती भरायला थंड इंजिनापासून सुरू करून वेगवेगळ्या वेगांनी गाडी चालवावी लागते. उत्सर्जन तपासणी जवळ आली असेल तर आदल्या दिवशी कोड पुसू नका, चाचण्या अपूर्ण दिसतील. ओबीडी-२ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत कोड पुसायला ईसीयूचा फ्यूज काही वेळ काढून ठेवतात. तसं करण्यापूर्वी त्या गाडीच्या रेडिओला सुरक्षा कोड लागतो का, आणि तो जवळ आहे का, ते बघून घ्या.