दुपट्ट्याखालचं ऊन

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी लोक "आज जराशी गरमी आहे नं" म्हणून तोंडाला दुपट्टा बांधतात आणि गाडीला किक मारतात. पण मॅक्रो फोटो, म्हणजे किड्यांसारख्या बारक्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो, काढणाऱ्याची उन्हाबद्दलची तक्रार वेगळी असते, ती गरमीची नसतेच.

हे पहा. अंबाझरी तलावाकडची रुईची झुडपं, आणि पानावर बसलेला हा पिवळा-निळा नाकतोडा. रुईचा चीक विषारी, पण हा गडी आरामात पानं खातो. दुपार, डोक्यावर मोकळं ऊन, आणि फोटो कसा आलाय बघा, पाठीवर पांढरे फटफटीत डाग, पोटाखाली नुसता काळोख, पायाच्या सावल्या इतक्या कडक की खरा पाय कोणता तेच कळत नाही.

आता बहुतेक जण म्हणतात की ऊन जास्त झालं. तसं नाहीये. जास्त उजेड तर मॅक्रोला हवाच असतो, अडचण अशी की तो सगळा उजेड एका बारक्या जागेतून येतो, म्हणून सावल्या कडक पडतात. सूर्य केवढाही मोठा असला तरी आहे १५ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे आभाळात तो जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणजे हात लांब करून करंगळी धरली तर तिच्यामागे आख्खा लपेल एवढाच. (खात्री करायची तर रात्री चंद्रावर करा, तोही तेवढाच दिसतो. उन्हात डोळे घालू नका.)

म्हणून मग डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारा पातळ पडदा. आणि नागपुरात उन्हाळ्यात डिफ्यूजर प्रत्येकाच्या गळ्यातच असतो की! पांढरा सुती दुपट्टा भरतकामाच्या मोठ्या रिंगमध्ये ताणून बसवायचा, झालं काम. ही रिंग ३० सेंटीमीटरची आहे. किड्यापासून ३० सेंटीमीटरवर धरली की किड्याच्या नजरेतून ते कापड ५३ अंश पसरलेलं, म्हणजे सूर्यापेक्षा रुंदीला शंभरपट. आता उजेड सूर्याकडून नाही, कापडाकडून येतोय, सगळ्या बाजूंनी थोडा थोडा, आणि सावलीच्या कडा विरघळतात. तीच रिंग मीटरभर लांब न्या, राहिले १७ अंश. त्यामुळे कापड कोणतं, किती भारी, याच्यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण खरा फरक जवळ धरण्यात आहे. फ्रेममध्ये यायला लागलं की बोटभर मागे घ्यायचं, तेच बरोबर अंतर.

कापडाची परीक्षा सोपी आहे. कापडाखाली बोट धरा आणि बोटाची सावली पहा. कड स्पष्ट दिसली तर विणीतून ऊन थेट गळून राहिलंय, दुपट्ट्याची दुहेरी घडी करा. कापड पिवळं पडलेलं असेल तर फोटोही पिवळट येणार, आणि रंगीत दुपट्टा तर विसराच. ट्रेसिंग पेपर चालतो, बटर पेपर चालतो, पण वाऱ्यात फडफडतो आणि त्या आवाजाने माणूसच आधी वैतागतो. फाइव्ह इन वन रिफ्लेक्टर (उजेड परतवायची घडीची तबकडी) घेतला असेल तर चेन उघडा, आतली पांढरी जाळीसारखी तबकडी म्हणजे डिफ्यूजरच, कित्येकांच्या कपाटात ती तशीच पडून असते. काळी छत्री मात्र नको. ती ऊन पसरवत नाही, अडवते, आणि मग उरतो फक्त निळ्या आभाळाचा उजेड, फोटो थंड निळसर.

उजेड कमी होतो हे खरं. कापड एक ते दोन स्टॉप खातं (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). त्यात एकास एक मॅग्निफिकेशनला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा येतो तेव्हा, लेन्स स्वतःच दोन स्टॉप खाऊन बसलेली असते. कडक उन्हाचा जुना हिशोब ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० सेकंद. तो इथे १/१० च्या आसपास येऊन पडतो, आणि पान तर हलतंय. आयएसओ ८०० करा, भिऊ नका, १/८० मिळेल. ॲपर्चर उघडून सुटका नाही, कारण एफ ११ लासुद्धा फोकसमध्ये येतं ते जेमतेम मिलिमीटरभर.

आणि रिंग धरायला कुणीतरी पाहिजे. सेमिनरी हिल्सवरचं आमचं शूटिंग ऐका:

"काहून हलवून राहिला बे?"
"मामा, हात दुखून राहिले नं!"
"सूर्याकडून धर, माझ्याकडून नको. अन् हळू आण, सावली एकदम अंगावर गेली तं उडते तो."

भाच्याला आइस्क्रीम कबूल करून ठेवा, स्टँडपेक्षा स्वस्त पडतं.

आता ढालकिडा पहा. त्याची पाठ चकचकीत, गोल, तिच्यात चक्क सूर्याचं प्रतिबिंब दिसतं, तोच तो टोचणारा पांढरा ठिपका. कापड आलं की ठिपक्याच्या जागी मोठा मऊ डाग, आणि त्याच्याखालचा लाल रंग दिसायला लागतो. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यात तर रिंग जशीच्या तशी दिसते, त्यामुळे कापडावर बोटं ठेवू नका, तीही दिसतात.

एक गोष्ट नवीन लोकांना छळते, ती म्हणजे मागचं. किडा कापडाच्या सावलीत, मागचं गवत उन्हात, उजेडाचा हिशोब (एक्स्पोजर) किड्याचा लावला, की गवत जळून पांढरं. मोठं कापड घ्या नाहीतर जरासं वाकून मागे झाडाची सावली येईल असा अँगल शोधा. दुसरा उपाय जास्त चांगला, फुकट आहे.

ऋतूचंही पहायला पाहिजे. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावली दिवस येतो, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा कापडही वरूनच लागतं आणि किड्याचं पोट उजळायला खाली पांढरा कागद ठेवावा लागतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांवरच असतो, तेव्हा रिंग तिरपी धरली की एका बाजूने छान गोलाई येते. पहिल्या पावसानंतर मिरगाचा किडा निघतो तेव्हा बहुतेक वेळा ढगच डिफ्यूजर होतात. पण ऊन पडलंच तर कापड काढा, नाहीतर त्याच्या मखमलीचा लाल रंग फुटून नुसता एक सपाट ठिपका उरतो, केस एकही दिसत नाही.

आणि चतुर. अंबाझरीच्या काठावर भर उन्हात तो शेपूट सरळ सूर्याकडे उभारून बसतो. अंगावर ऊन कमीत कमी पडावं म्हणून. कापड धरलं, सावली झाली, की शेपूट हळूहळू खाली येतं. फोटो मऊ, सुंदर, पण ज्या पोजसाठी आलो तीच गेली! त्यामुळे चतुराचे आधी उघड्या उन्हातले फ्रेम घ्या, सावल्या असू द्या कडक, आणि मगच भाच्याला हाक मारा.